धानातला गोलपोस्ट

दशरथभाऊंच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाबरोबर एक गोलपोस्टही उभा असे. सागाच्या दोन बल्ल्या आणि वर एक आडवी. ऐंशीच्या दशकात वर्ध्याहून माझी सावली गावच्या शाळेत बदली झाली, तेव्हा तो पाहून मला वाटलं, मांडव घालता घालता कुणाचं लग्न मोडलं असावं. नांगरताना बैल त्याला बिचकायचे, तरी भाऊ तो काढत नसत. रोवणीच्या बायकांना दोन बल्ल्यांच्या मधे पाय ठेवायची बंदी होती. तेवढा तुकडा भाऊ स्वतः रोवत.

"थे गोलकीपरचं काम हाये," म्हणत. बायका तोंडाला पदर लावून हसत.

ही बांधी म्हणजे एके काळचं गावच्या फुटबॉल क्लबचं मैदान, आणि भाऊ त्या क्लबचे गोलकीपर. धान कापलं की सगळे मिळून मधला धुरा, मातीचा बांध, मोडायचे, धसकटं तुडवायचे आणि उन्हाळाभर अनवाणी खेळायचे. पावसाच्या आधी तोच धुरा पुन्हा बांधायचा. अर्धा क्लब खेळण्यापेक्षा माती उचलूनच दमत असावा.

क्लबचा इतिहास भाऊ कुणालाही ऐकवत. ऐकणाऱ्याची संमती लागत नसे. वरातीतल्या बँडवाल्यानं घोटभर पाण्यासाठी बाजा खाली ठेवला, की भाऊ हजर. गोंडपिपरीच्या सामन्यात बॉल फुटला आणि तो शिवून होईस्तोवर दोन्ही संघ जेवायला बसले. जेवणं अशी झाली, की नंतर कोणी पळेचना. कोरपन्याला आपल्या सेंटर हाफला बघ्यांमध्ये सासरे दिसले. जावईबापू खेळ सोडून पाया पडायला गेले आणि तेवढ्यात त्याच वाटेनं गोल झाला. असल्या प्रत्येक गोष्टीचा शेवट ठरलेला असे. "बॉल कोनाचाच सगा नसते, गुर्जी."

धाकट्या भावाचं, शालिकचं नाव आलं की मात्र भाऊंचा इतिहास भरभर पुढे सरके. आईबाप लवकर गेले, भाऊंनीच त्याला वाढवलं. क्लबात त्याच्यासारखा फॉरवर्ड दुसरा नव्हता. त्यामुळेच कोळशाच्या खाणीवाल्यांनी त्याला आपल्या संघात उचलला. नोकरी दिली, पण टेंपररी. मग खाणीचा तोच संघ सावलीला खेळायला आला. हा सामना जिंकला तर क्लब टिकेल, नाहीतर उरलेली पोरंही पांगतील, असं गावाला वाटत होतं. आणि खाणीच्या साहेबानं मैदानावरच, सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं, की शालिकनं आज जिंकून दिलं तर त्याची नोकरी पक्की.

संध्याकाळ होईस्तोवर गोल झाला नाही. अगदी शेवटी शालिकनं मारला. बॉल भाऊंच्या अंगावरून गेल्यासारखा आत गेला.

"ऊन डोळ्यावर आलं," भाऊ म्हणाले. गावानं त्यांचं आडनाव उन्हाळे करून टाकलं. मी गेलो तेव्हाही पोरं त्यांना हीच हाक मारत आणि ते ओ देत.

क्लब मोडला. शालिक परमनंट झाला. दुसऱ्या पावसाळ्यात खाणीत छत कोसळलं, आणि त्याला गावात आणलं ते कापडात बांधून. हे मला गावानं सांगितलं. भाऊंच्या इतिहासात ते येत नसे.

मी आलो त्या वर्षी ऐन रोवणीत गोलपोस्टची उजवी बल्ली वाळवी लागून पडली. मला वाटलं, चला, भाऊ सुटले एकदाचे. पण शाळा सुटल्यावर जातो तो काय, भाऊ गुडघाभर चिखलात नवी बल्ली उभी करत होते. मीही विजार वर करून उतरलो. बल्ली धरून मी दोन्ही खांबांच्या मधे, नेमका गोलकीपरच्या जागी उभा होतो. सूर्य कलला होता. माझी सावली पुढे, लांब धानात पडली होती.

मी सहज बोलून गेलो, "भाऊ, इथं तर संध्याकाळचं ऊन पाठीवर येतं."

भाऊ बल्लीच्या बुडाशी चिखल दाबत राहिले. मान वर न करताच म्हणाले, "पाठीवरच होतं."

त्यांनी आणखी एक ओंजळ चिखल लावला.

"बॉल माह्या हाताजोगा आला होता, गुर्जी. मारायच्या आंधी शालिकनं माह्याकडं पाह्यलं. लहानपनी भूक लागली का पाहे, तसाच. मले वाटलं, पोराची जिंदगी बनते तं बनू द्या. क्लबाचं का, क्लब आपन पुन्हा उभा करू." त्यांनी उजवा हात जरासा आडवा करून पाहिला. "येवढाच हात करायचा होता. केला असता तं आज थो इथी माह्या बाजूले रोवून राह्यला असता."

मी त्यांचंच वाक्य त्यांना दिलं. "बॉल कोणाचाच सगा नसतो, भाऊ."

"नाई ना," ते म्हणाले. "सगा मी होतो."

मग त्यांनी पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी सोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. "त्या बाजूनं तुमी लावा." मी वर्ध्याकडचा, कापसाच्या मुलखातला. धान कधी रोवलेलं नव्हतं. भाऊंचं पाहत मी वाकून एकेक रोप चिखलात खोचत मागे सरकत राहिलो. माझी ओळ पार वाकडी गेली. भाऊंनी ती पाहिली, आणि तशीच राहू दिली.