अप्पासाहेब साळिंदरांची धान्यगाडी

एका जंगलात, बाळांनो, रिकामटेकड्यांची मुळीच वानवा नव्हती. पोटं भरलेली आणि हाताला काम नाही. मग करतात काय? त्यांनी छोटी आगगाडी मंडळ काढलं. खेळण्यातली आगगाडी हो! एकेक डबा तुमच्या चपलेएवढा. हसू नका. त्यांच्यासमोर कुणी ‘खेळणं’ म्हटलं, तर ते आठ-आठ दिवस त्याच्याशी बोलत नसत.

गाडीचे रूळ तळ्याला वळसा घालून थेट पलीकडच्या माळापर्यंत गेले होते. मंडळाचे अध्यक्ष होते अप्पासाहेब साळिंदर. त्यांनी सारं आयुष्य एकाच कामाला वाहिलं होतं. डब्यांत खराखुरा वाटणारा माल भरायचा.

माल भरायचा म्हणजे माल भरायचा, असं तुम्हाला वाटेल. छे! ते अडाण्यांचं काम. अप्पासाहेब आधी थर्माकोल कापून डब्यात बसवत. त्याला मधोमध उंचवटा ठेवत, कारण वरून धान्य ओतलं की ढीग तसाच होतो. मग डिंकाचा एक हात. त्यावर हळदीत रंगवलेला, तीनदा चाळलेला लाकडाचा भुसा. झाला डबाभर गहू!

“पण अप्पासाहेब, सरळ धान्यच का नाही टाकत?” असं एकदा एका सशाने विचारलं. त्याला मंडळातून काढून टाकलं.

त्या वर्षी माळावर वणवा लागला. गवत जळालं, गवताचं बी जळालं. माळावरच्या वारुळात उपासमार सुरू झाली. तळ्याच्या अलीकडे बी ढिगाने पडलेलं होतं. पण जाऊन यायला मुंगीला अख्खा दिवस लागे, आणि एवढं चालायची ताकद कुणात उरली नव्हती. ठमाबाई नावाची एक म्हातारी मुंगी मात्र रुळावरून धापा टाकत आली.

“अप्पासाहेब, तुमची गाडी रोज आमच्या दारावरून जाते. तेवढे दोन डबे राळे टाका हो त्यात. आमची पिल्लं कालपासून हलत नाहीयेत.”

अप्पासाहेब कळवळले. म्हणजे, ठमाबाई वाळत घातलेल्या भुशावर उभ्या आहेत हे त्यांच्या लक्षात आलं.

“बाई, आधी खाली उतरा! आणि राळ्याचा दाणा केवढा असतो? डब्यात भोपळे भरल्यासारखं दिसेल ते. उद्या परीक्षक येणार आहेत. आमची अब्रू घालवता का?”

“पण पोरं मरतील हो!”

“फार वाईट वाटतं ऐकून. प्रदर्शन झालं की पुढच्या बैठकीत विषय घेऊ. तुम्ही तोवर अर्ज करून ठेवा.”

ठमाबाई आल्या पावली परत गेल्या. अर्ज लिहायला तरी अंगात बळ नको का?

दुसऱ्या दिवशी परीक्षक घुबडराव माळावरच्या चिमुकल्या स्टेशनापाशी येऊन बसले. दिवसा त्यांना धड दिसत नसे. तेवढ्यासाठीच तर त्यांना दरवर्षी बोलावत. गाडी आली आणि वारुळासमोर थांबली. सहा डबे, गव्हाने शिगोशीग. अप्पासाहेबांनी सकाळीच डिंकाचा ताजा हात मारून वर नवा भुसा भुरभुरला होता.

“अगं, पाठवलं गं धान्य!” ठमाबाई ओरडल्या. “मेला बोलला तोडून, पण पाठवलं! चला, चला!”

होतं नव्हतं ते बळ एकवटून झाडून सगळं वारूळ डब्यांवर चढलं. पाय चिकटले. एकेकीने आशेने भुशात तोंड घातलं, तर तेही चिकटलं.

घुबडरावांनी भिंग लावलं.

“अहाहा! हमाल! धान्य उतरवणारे हमाल! काय वाकलेत, काय धडपडतायत! आणि चेहऱ्यावरची ती भूक! अप्पासाहेब, हे साधलंत कसं हो?”

“अहो, सोडवा आम्हाला!” तिसऱ्या डब्यातून ठमाबाई ओरडत होत्या. “तुमच्या पाया पडते!”

अप्पासाहेबांनी तिसऱ्या डब्याकडे पाहिलं. एकच क्षण. मग मान खाली घालून विनयाने म्हणाले, “चाळीस वर्षांची साधना आहे. दुसरं काय?”

पहिलं बक्षीस मिळालं. चांदीची ढाल मिळाली. टाळ्या थांबल्यावर अप्पासाहेबांनी कुंचला घेतला, आणि हमाल फार हलू नयेत म्हणून सगळ्यांवरून लाखेचा एक पातळ हात फिरवला.

तात्पर्य : बाळांनो, उपाशी मरायची वेळ आलीच, तर चार मोठी माणसं बघत असतील अशा जागी मरा. खायला काही मिळणार नाही, पण कुणाला तरी ढाल नक्की मिळेल.