डोंग्यातला पांढरा पोशाख

पुंडलिकराव बोढे मारेगावच्या पंचायत समितीतून बाबू म्हणून निवृत्त झाले, तेव्हा पुण्याच्या पोराने, रजतने, त्यांना कयाक पाठवली. एका माणसाची, केशरी प्लास्टिकची, पाय लांब करून बसायची होडी. मारेगावात तिला सगळे डोंगाच म्हणाले. पुंडलिकराव पहिल्याच रविवारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून धरणात गळ टाकायला गेले आणि संध्याकाळी भाजलेल्या वांग्यासारखे घरी परतले. चार दिवसांनी नाकाची सालं निघाली. कातडीच्या डॉक्टरने मलम दिलं, आणि बायकोने, शीलाताईंनी, निकाल.

"एक डाव अजून सालं निघाली, तं मी तो डोंगा घरात ठेवत नाई. फकिराच्या म्हशीले पानी पाजाले देऊन टाकीन."

फकिरा त्यांच्या शेतावर काम करायचा. तो दुसऱ्याच दिवशी येऊन डोंग्याची खोली हाताने मोजून गेला. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारल्यावर आयुष्यात पहिल्यांदा पुंडलिकरावांना स्वतःच्या हौसेचं काही मिळालं होतं. मासा अजून एकही लागला नव्हता, पण ती गोष्ट वेगळी. डोंगा वाचवायचा तर ऊन अडवणारा पोशाख हवा होता.

बाबू माणूस, त्यामुळे तीन नमुने पाहिल्याशिवाय खरेदी नाही. पहिला नमुना रजतने मागवून दिला: टोपीवाला, अंगठा अडकवायला बाहीला भोक असलेला, मासे धरणाऱ्यांचा खास शर्ट. तो अंगात गेला, पण निघेना. शेवटी शीलाताईंनी एका बाजूने आणि फकिराने दुसऱ्या बाजूने ओढून काढला. दुसरा नमुना शीलाताईंचा स्कूटीवर घालायचा सनकोट. तो अगदी मापात बसला, मात्र त्यावर गुलाबी फुलं होती, आणि तो घालून अख्ख्या तालुक्यासमोर धरणाच्या मधोमध बसायची पुंडलिकरावांची तयारी नव्हती. तिसरा अंगरखा हबीब टेलरने जाड मांजरपाटाचा शिवला. हबीब प्रामाणिक माणूस. त्याने शिलाईच्या आधीच सांगून टाकलं, की हा ओला झाला आणि तुम्ही पाण्यात पडलात, तर भाऊ, वर यायची खात्री मी देत नाही.

अशा वेळी मेहुणा धावून आला. त्याचं कृषी केंद्र होतं. त्याने कपाशीवर फवारणी करताना घालायचा किट काढून समोर ठेवला. पांढराशुभ्र, डोक्यापासून पायापर्यंत एकसंध, वर चष्मा, तोंडाला मास्क, हातमोजे.

"भाऊजी, याच्यातून औषध आत जात नाई, तं ऊन कायचं जाते?"

हा युक्तिवाद पुंडलिकरावांना बिनतोड वाटला. त्यांनी उन्हाच्या बाजूने सगळा विचार केला. यवतमाळ जिल्ह्यात हा पोशाख दिसला की लोक पोरं आणि जनावरं आधी बाजूला घेतात, हा विचार मात्र राहून गेला.

मे महिन्याचा शनिवार. पुंडलिकराव सावकाश उठून, पोहे खाऊन साडेअकराला धरणावर पोचले. उकाडा फार, म्हणून किटच्या आत फक्त बनियन आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी ठेवली होती. डोंगा मधोमध नेला, लांब काळी गळाची काठी पुढे धरली, आणि मासे गोळा व्हावेत म्हणून हळद घातलेल्या कणकेचे पिवळे गोळे पाण्यात फेकू लागले.

काठावर कपडे धुणाऱ्या बायांनी हे पाहिलं. धरणात औषध टाकून राह्यलं कोणीतरी, ही बातमी पाच मिनिटांत धरणाकाठच्या गावात गेली. गावाच्या नळाला पाणी त्याच धरणाचं. पाणी सोडणाऱ्याने धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, म्हशी पाण्यातून हाकलून काढल्या, आणि भोंग्यावरून पुकारा झाला की कोणी नळाचं पाणी तोंडात घालू नका. काठावर शंभर माणसं जमली. पुंडलिकरावांना वाटलं, आपली मासेमारी पाहायला आलेत. त्यांनी हातमोजा घातलेला हात हलवला. माणसं दहा पावलं मागे सरली.

डोंगा काठाला लागला, तेव्हा पुढे सरपंच विमलताई होत्या, पोलीस पाटील होते, आणि मच्छीमार संस्थेचा धावजी होता. धावजीचे डोळे भरून आले होते. "माह्यं सालभराचं मासोळीचं बीज हाय यात. कायले मारता साहेब?"

पुंडलिकरावांनी मास्कच्या आतून सगळं समजावलं. एक अक्षर कोणाला कळलं नाही. मास्क काढून पुन्हा समजावलं, की हे उन्हासाठी घातलंय.

"उन्हासाठी हे कोन घालते?" विमलताई म्हणाल्या.

पोलीस पाटलांनी किट पुरावा म्हणून काढून घेतला. पुंडलिकराव बनियन-चड्डीवर उभे राहिले. ते कडुलिंबाच्या सावलीकडे निघाले, तर सावलीतली माणसं आरडाओरडा करत उठली. अंगाला औषध लागलं असेल, जवळ येऊ देऊ नका. मग त्यांना धरणाच्या पाळीवरच, भर उन्हात थांबवण्यात आलं. टॉवेल द्यायलाही कोणी पुढे येईना. हताश होऊन पुंडलिकरावांनी उरलेल्या कणकेचे दोन गोळे सगळ्यांसमोर खाऊन दाखवले.

विमलताईंनी घड्याळ पाहिलं. "ठीक हाय. अर्धा घंटा पाहू."

अर्ध्या तासाने कोणीतरी शंका काढली की काही औषधं हळू चढतात. अजून अर्धा तास वाढवला. चव्वेचाळीस अंशांत पुंडलिकराव तासभर उभे राहिले आणि मेले नाहीत, फक्त लाल झाले. पाणी शुद्ध ठरलं. गर्दी जरा नाराजीनेच पांगली.

धावजीची बायको हंसाबाई तेवढी थांबली. तिने ओलं फडकं त्यांच्या डोक्यावर टाकलं आणि विचारलं, की भाऊ, दुपारी काहून येता? दुपारी मासे खाली गाळात जाऊन बसतात.

"मंग तुमी उन्हात काय घालता?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"आमी चारले येतो, ऊन निघाच्या आत घरी. ऊन कोनी पाह्यलं?"

घरी पोचल्यावर पुंडलिकरावांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं कातडं उरलंच नव्हतं. सगळं सांगून झालं. ते म्हणाले, "दे डोंगा फकिराले. मले नाई जमत." शीलाताईंनी पाठीला कोरफड लावली. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "चारले म्हनली ते?"

तिसऱ्या दिवशी पाठीच्या खाजेने पुंडलिकरावांना सातलाच जाग आली. ओसरीत डोंगा नव्हता. आपणच दे म्हणालो होतो, तरी पुंडलिकराव चपला शोधत बसले नाहीत. ते तसेच अनवाणी फकिराच्या गोठ्यात गेले. म्हैस जुन्याच घमेल्यात पाणी पीत होती. फकिराचा पत्ता नव्हता.

परत आले तर दारात फकिराची बैलबंडी उभी. बंडीत केशरी डोंगा, आणि डोंग्यातून शीलाताई दोन दांडगे रोहू कल्ल्यांत बोटं घालून काढत होत्या. नेसूचा काष्टा खोवलेला, पदर डोक्यावर. अंगावर रोजचीच सुती साडी.

"तुले येते हे?" पुंडलिकरावांनी कसंबसं विचारलं.

"माहेर पैनगंगेच्या काठचं माह्यं. बाबाचा डोंगा मीच चालवत होती लगनापर्यंत."

"बत्तीस वर्षांत बोलली नाई कधी."

"तुमी इचारलं कधी?"

शीलाताईंनी मासे त्यांच्या हातात दिले, पाय धुतले आणि चहा टाकायला आत गेल्या. आतूनच त्यांनी सांगितलं, की मासे सावलीत बसून साफ करा, आणि खवले काढताना तो सनकोट घाला, अंगावर उडतात.

पुंडलिकरावांनी खुंटीवरचा सनकोट काढून घातला. मापात बसत होताच.