कालव्याच्या चुकीच्या काठाने

रविवारी सहा किलोमीटर चालायला जायचं, असं नकाशेबुवांनी शुक्रवारी संध्याकाळी मोजे काढता काढता ठरवलं. एक मोजा पायात आणि एक हातात असताना घेतलेले निर्णय फारसे टिकत नाहीत. हा टिकला.

नकाशेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मोजणी कार्यालयाच्या नकाशा विभागात सव्वीस वर्षं कारकुनी केल्यावर माणसाचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते आठवतं. काम एकच. जुन्या नकाशाची प्रत काढायची, तिच्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा आणि खाली सही ठोकायची. अशी हजारो गावं, नद्या आणि डोंगर त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यातल्या एकाही ठिकाणी ते स्वतः गेले नव्हते, हा भाग वेगळा. (आचाऱ्याने सगळं स्वतःच खायचं असतं थोडंच.)

चालण्याचं कारण मात्र साधं नव्हतं. त्यांची बायको शाळेत कवायत शिकवायची. गळ्यात शिट्टी अडकवून तिने बावीस वर्षं पोरांना मैदानाभोवती पळवलं, स्वतः त्यांच्यापुढे पळत. चार महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गुडघा नव्यासारखा झाला, आता चाला. पण ती स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत चालायची आणि गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत. जिना म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. बुवांना कपाटात टॉवेलखाली एक पत्र सापडलं होतं, मुख्याध्यापिकेच्या नावाचं. 'प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा' असा विषय होता. पत्र अजून गेलेलं नव्हतं. बुवा रोज आंघोळीला जाताना टॉवेल काढायच्या निमित्ताने ते जागेवर आहे का, हे चाचपून बघत. बोलायचा मात्र धीर होत नव्हता.

"सोपी वाट आहे," ते म्हणाले आणि कार्यालयातून आणलेली पुस्तिका त्यांनी टेबलावर ठेवली. "हे बघ, सातव्या क्रमांकाची. अख्खी सपाट. दोन गावं, मध्ये कालवा, शेवटी जुनं चर्च. आजी-आजोबांना आणि कडेवरच्या मुलांनाही जमेल, असं छापलंय."

"कडेवरच्या मुलांना काय, बसायचंच असतं," बायको म्हणाली.

त्या वेळी तिचा धाकटा भाऊ तिथेच चहा पीत बसला होता. तो एका गिर्यारोहण मंडळाचा म्होरक्या. त्याच्या बुटांना तळापेक्षा दात जास्त.

"भाऊजी, तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात रिक्षाने जाता," तो म्हणाला. "आमचं मंडळ रविवारी त्याच भागातल्या डोंगरावर आहे. हरवलात तर हाक मारा."

बायकोने भावाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाऊ आपण." भावासमोर नवऱ्याची फजिती होऊ द्यायची नाही, हा तिचा नियम. ती फजिती करायचा मान तिने स्वतःकडे राखून ठेवला होता.

रविवारी सकाळी आठच्या बसने दोघं पहिल्या गावात उतरली. गाव अजून आळोखेपिळोखे देत होतं. एक बाई अंगण झाडत होती, एक कुत्रं तिच्या झाडूशी वाद घालत होतं. गावाच्या टोकाला कालवा होता आणि त्याच्यावर दगडी पूल. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं: पूल ओलांडा आणि पलीकडच्या काठाने चर्चपर्यंत जा.

बुवांनी खिशातून दुसरा कागद काढला. "पुस्तिका काय, कुणीही छापतं. हा सरकारी नकाशा आहे. चर्चपाशी दुसरा पूल आहे, तिथे ओलांडू. अलीकडच्या काठाला सावली आहे, तुला बरं पडेल."

"नकाशात सावली दाखवतात?"

"अनुभवाने कळते," बुवा म्हणाले.

सावली खरोखरच होती. पहिला अर्धा तास मोठा सुखाचा गेला. पाणी हिरवट आणि संथ होतं, काठावर बदकं पेन्शनरांसारखी बसली होती. बायको जपून, मोजून पावलं टाकत होती आणि दर बाकावर बसत होती. बुवा तिच्या पुढे चार पावलं, हातात नकाशा धरून. मध्ये दुसरं गाव आलं, तेही पलीकडच्या काठावर. तिथल्या लोकांनी हात हलवले. बुवांनीही उलट हलवले. लोकांनी दोन्ही हात हलवले. "काय प्रेमळ माणसं आहेत," बुवा म्हणाले.

दहाच्या सुमारास चर्चचा मनोरा दिसला. साडेदहाला तो समोर आला. पावणेअकराला तो थोडा मागे गेला. मध्ये कालवा तसाच होता आणि पूल कुठेच नव्हता. बायकोने मघाचपासून एकही बाक पकडला नव्हता. संतापलेल्या माणसाला गुडघे आठवत नाहीत.

"अहो, चर्च मागे पडतंय."

"नकाशाप्रमाणे पूल इथेच आहे. आपण पुलावर उभे आहोत."

पुलाच्या जागी एक बाई कोबीला पाणी घालत होती. कालव्याची दारं उघडायची-मिटायची नोकरी तिची. काठावरच तिचं छोटं घर होतं. बुवांनी तिला पुलाबद्दल विचारलं.

"पूल? तो माझ्या लग्नाच्या आधीच पाडला," ती म्हणाली. "आता मला नातू आहे."

बायकोने बुवांच्या हातातून नकाशा घेतला. कोपऱ्यातला शिक्का वाचला, 'खरी नक्कल'. खालची सही वाचली. चोवीस वर्षं ज्या सहीखाली तिचा संसार चालला होता, ती तिने ताबडतोब ओळखली. नकाशाची घडी घालून तिने ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. त्या क्षणापासून मोहिमेचं नेतृत्व बदललं.

"पलीकडे जायला काही आहे का हो?" तिने विचारलं.

होतं. दोन काठांना बांधलेली जाड दोरी आणि तिच्याखाली एक चपटी होडी. होडीत बसायचं आणि दोरी धरून स्वतःच ओढत पलीकडे जायचं. "एकच लक्षात ठेवा," कोबीवाली म्हणाली, "मध्ये उभं राहू नका."

बायकोने दोरी धरली. बावीस वर्षं पोरांना रस्सीखेच शिकवलेले हात ते. होडी अशी निघाली की बदकं बाजूला झाली. मध्यावर आल्यावर बुवांना राहवलं नाही. जुना पूल नेमका कुठे असावा, हे दाखवायला ते उभे राहिले आणि बोट दाखवलं. बोट बरोबर दिशेला गेलं. बाकीचे बुवा दुसऱ्या दिशेला गेले.

पाण्यात पडल्यावर त्यांना सगळं आठवलं: विम्याची तारीख, गॅसचा नंबर, टॉवेलखालचं पत्र. ते हात मारत होते, पाणी पीत होते आणि मदत मागत होते.

"काका, उभे राहा," काठावरून कोबीवाली म्हणाली.

"मघाशी म्हणालात उभं राहू नका."

"ते होडीत. पाण्यात राहा."

बुवा उभे राहिले. पाणी कमरेपर्यंत होतं. डोक्यावर शेवाळ्याची हिरवी पट्टी, चष्मा एका कानाला लटकलेला आणि समोर एक बदक त्यांच्याकडे सहानुभूतीने बघतंय, असे ते कालव्याच्या मधोमध उभे होते. आणि मग त्यांना आवाज ऐकू आला. बायको हसत होती. दोरी सोडून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. चार महिन्यांत हा आवाज घरात झाला नव्हता. बुवांच्या मनात आलं की एवढ्यानेच काम होत असेल, तर आपण पुन्हा एकदा पडायलाही तयार आहोत. पण पाणी गार होतं, म्हणून विचार तिथेच सोडून ते चालत पलीकडच्या काठाला लागले.

चर्चचा राखणदार सत्तरीचा गृहस्थ होता. त्याने प्रश्न विचारले नाहीत. कालव्यातून येणारे पाहुणे त्याला नवे नसावेत. त्याने कपाटातून गायकवृंदाचा लांब काळा झगा काढून दिला. बुवांचा शर्ट आणि पँट आवाराच्या दगडी भिंतीवर वाळत पडली आणि बुवा गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे होऊन आवारातल्या बाकावर बसले. झगा अंगाला इतका बेतल्यासारखा बसला की राखणदार दोन पावलं मागे सरून म्हणाला, "शोभतं तुम्हाला."

बायको एव्हाना मनोऱ्याकडे बघत होती. "घंटा कधी वाजते?"

"वाजायची," राखणदार म्हणाला. "दोरी मधल्या मजल्यावरच तुटली. आता वर चढून वाजवावी लागते, अठ्ठेचाळीस पायऱ्या. आणि माझा गुडघा गेलाय. तीन दिवस झाले, गावात लोक जेवायला कधी बसायचं म्हणून एकमेकांना विचारतात."

"कुठला गुडघा?"

"डावा."

"माझा उजवा," बायको म्हणाली.

दोघं बाकावर बसून बराच वेळ गुडघ्यांबद्दल बोलली. कळ कुठून निघते, उशी कुठे ठेवायची, पावसात काय होतं. बुवांना त्यातलं एकही वाक्य तिने आजवर सांगितलं नव्हतं. बुवांनी कधी विचारलंही नव्हतं, हे झगा घातलेल्या अवस्थेत त्यांना प्रथमच जाणवलं. झग्याचा गुण असावा.

बाराला पाच कमी असताना ती उठली. "मी जाते."

"अगं, अठ्ठेचाळीस," बुवा म्हणाले.

"ऐकलं मी."

बुवा मनोऱ्याच्या दाराशी उभे राहिले. आतून पावलं ऐकू येत होती. एक पायरी, थांबणं. दुसरी पायरी, थांबणं. बुवा मोजत होते. बाराव्या पायरीला ती थांबली, ती थांबलीच. बुवांनी दगडाला हात टेकला. वर जावं तर तिला राग येईल, न जावं तर पाय जागेवर राहीनात. मग आतून आवाज आला, तिचा मैदानावरचा, जुना. "डावा, उजवा. डावा, उजवा." ती स्वतःलाच कवायत देत होती. तेरा, चौदा, पंधरा. पुढे बुवांची मोजदाद चुकली, कारण त्यांना नाक पुसावं लागलं.

आणि घंटा वाजली. बारा ठोके द्यायचे होते. तिने वीस दिले. गावात लोक घराबाहेर आले आणि राखणदार टोपी काढून उभा राहिला.

खाली आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि केस विस्कटले होते. बुवांच्या शेजारी बसून तिने आधी श्वास घेतला. मग म्हणाली, "टॉवेलखालचं ते पत्र आहे ना, तुम्ही रोज चाचपता ते."

"कुठलं पत्र?"

"तेच. उद्या फाडून टाका."

बुवांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो उचलून डाव्या गुडघ्यावरून उजव्यावर ठेवला. मग ती पाणी प्यायला आत गेली.

बुवा पाठमोरे उभे राहून समोरच्या टेकडीकडे बघत होते, तेवढ्यात आवारात बऱ्याच बुटांचा आवाज झाला. मागून कुणीतरी अगदी अदबीने घसा खाकरला.

"माफ करा, फादर. आम्ही आठजण आहोत. डोंगरावर वाट चुकलो. घंटेच्या आवाजावरून इथपर्यंत आलो. बसचा रस्ता कुठे सापडेल?"

आवाज ओळखीचा होता. बुवांनी वळायची अजिबात घाई केली नाही.

"किती वेळ भटकताय?" त्यांनी जड आवाजात विचारलं.

"तीन तास."

"फोन नाही?"

"आहे. रेंज नाही."

"मग नकाशा?"

"नकाशे कोण बघतं हल्ली, फादर. माझे एक भाऊजी आहेत, ते बघतात. म्हणूनच त्यांना मी बरोबर आणत नाही."

बुवा सावकाश वळले. मेहुण्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. शेवटी कुठल्या रंगावर थांबावं हे त्याला कळेना.

"हाक मारायचं ठरलं होतं ना," बुवा म्हणाले. "ऐकली तुझी हाक."

"भाऊजी, तुम्ही... हे कधीपासून?"

"सकाळपासून."

मेहुण्याने "ताई कुठंय?" म्हटलं, तेव्हा ताई दारात उभी होती.

"घंटा मी वाजवली," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून. चला, दोन रांगा करा."

आठ गिर्यारोहकांनी दोन रांगा केल्या. अशा आवाजापुढे वाद घालायचा नसतो, हे माणूस तिसरी-चौथीतच शिकतो. गावाच्या रस्त्याने वरात निघाली. पुढे बायको डावा-उजवा देत, मागे दमलेलं मंडळ आणि सगळ्यात शेवटी राजाच्या ऐटीत बुवा. गावकरी बाजूला होऊन वाट देत होते. एका आजीने तर हात जोडले.

फाट्यावर दोन बस उभ्या होत्या, तोंडं दोन दिशांना. मेहुणा म्हणाला, "भाऊजी सांगतील ती." हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला बुवांनी चोवीस वर्षं वाट पाहिली होती. त्यांनी क्षणभरही न घालवता डावीकडच्या बसकडे बोट केलं. सगळे चढले. बसमध्ये गर्दी होती, पण बुवांना बघताच तिघंजण एकदम उठून उभे राहिले. कर्तबगारी माणसाच्या चेहऱ्यावर दिसतेच, असं मनाशी म्हणत बुवा खिडकीशी बसले.

"ताई, एवढ्या पायऱ्या चढायची भीती नाही वाटली?" मेहुण्याने विचारलं.

"सकाळपासून ह्यांच्या मागे चालले मी," बायको म्हणाली. "पायऱ्यांचं बरं असतं. त्या जिथे न्यायला हवं तिथेच नेतात."

मंडळ हसलं. बुवाही मोठ्या मनाने हसले. आजचा दिवस त्यांचा होता. बस एका गावात वळसा घेऊन निघाली आणि तासाभराने उजव्या खिडकीतून झाडांमागे एक मनोरा दिसू लागला.

"या भागात जुनी चर्च बरीच दिसतात," बुवा म्हणाले.

बायकोने खिडकीतून नीट पाहिलं.

"एकच आहे," ती म्हणाली. "आणि त्या भिंतीवर वाळत घातलेली पँट तुमची आहे."