पुंजारामच्या गेटवरचा बंब

कुंभार पिंपळगावात पुंजारामचं घर शोधायला त्याचं नाव सांगावं लागत नसे. "गेटवर बंब हाये ते घर," एवढं म्हटलं की कुणीही दारापर्यंत आणून सोडी. आंघोळीचं पाणी तापवायचा बंब हे पुंजारामच्या पक्षाचं चिन्ह. सत्तावीस वर्षं त्यानं या बंबाचा प्रचार केल्ता. घर बांधलं तेव्हा वेल्डरला समोर बसवून गेटच्या मधोमध नळासकट बंब करून घेतल्ता.

"सरकारं येतील, जातील. ह्यो बंब जाग्यावरून हलणार न्हाई," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून, चहा पाजून सांगायचा.

या बंबापायीच पोरीचं लग्न अडलं होतं. साक्षी शाळेत मास्तरीण, अंबडचा भारत तिच्याच शाळेवर मास्तर. पोरं एकमेकांना पसंत, सोयरीक शोभणारी, नाव ठेवायला जागा नाही. पण भारतचा बाप धर्मराज पडला खलबत्ता पक्षाचा जुना कार्यकर्ता. "खलबत्त्याच्या घरात पोरगी देण्यापरीस..." हे पुंजारामचं वाक्य दोन वर्षांत एकदाही पुरं झालं नव्हतं, कारण तेवढ्यात गिरिजाबाई त्याच्यापुढं ताट आदळायची.

आणि एके सकाळी मोबाईलवर फोटो आला. बंबाचे आमदार भाऊसाहेब, ज्यांच्यासाठी पुंजारामनं गावोगाव घसा फोडला, ते मुंबईत गळ्यात खलबत्त्याचं उपरणं घालून हसत उभे.

पुंजारामनं फोटो दोन बोटांनी मोठा केला, बारीक केला, पुन्हा मोठा केला. माणूस तोच होता.

"लाज कशी न्हाई वाटत?" तो कडाडला. "गेल्या ऐतवारी ह्याच ओट्यावर बसून खलबत्त्याला शिव्या देत होता. माझ्या घरची भजी खात खात."

"दोन ताटं खाल्ली," गिरिजाबाई म्हणाली.

तीन दिवस पुंजाराम धुमसत राहिला. चौथ्या दिवशी भाऊसाहेबांच्या पीएचा फोन आला. साहेब विकासासाठी तिकडं गेले आहेत, आपल्या माणसांनी दारावरचे बंब काढून टाकावेत. पुंजाराम "हो साहेब" म्हणाला आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास शिव्या घालत बसला.

गिरिजाबाईनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचा साहेब खलबत्त्यात गेला, त्याच्या मागं तुमी जाणार. मंग माझ्या पोरीनंच काय घोडं मारलं?"

पोरीसाठी म्हणून पुंजारामनं वेल्डरला बोलावलं. बंब कापून काढला तसं गेटला एवढं भगदाड पडलं की शेजारची शेळी आत आली आणि गिरिजाबाईचा कढीपत्ता बुडापासून खाऊन गेली. बंबाच्या जागी खलबत्ता बसवला, पण तो अंगानं बारीक. दोन्हीकडून फट राहिली आणि शेळीला रस्ता कायमचा झाला.

दुसऱ्या दिवशी गळ्यात खलबत्त्याचं उपरणं, हातात पेढ्यांचा पुडा, असा पुंजाराम एसटीनं अंबडला उतरला. धर्मराजच्या दारात गेला आणि जागीच थांबला. दारावर कोरं करकरीत बॅनर होतं. बॅनरवर बंब होता. खाली धर्मराज उभा होता, त्याच्या गळ्यात बंबाचं उपरणं.

"हे काय करून बसलात?" पुंजारामनं विचारलं.

"तीस वर्षं खलबत्त्याच्या सतरंज्या उचलल्या मी," धर्मराजचा आवाज चढला. "तुमचा भाऊसाहेब परवापरवा आला आन् तिकीट त्याला कबूल. आमी काय निस्त्या सतरंज्याच उचलायच्या? कालच बंबात गेलो."

"अहो, पण मी तुमच्यासाठी बंब सोडला. गेट कापलं."

"तुमचं तुमी बघा. खलबत्त्याच्या घरातली पोरगी मी करणार न्हाई."

दोन वर्षं आपणच घोकलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, तेही पुरं, ऐकताना पुंजारामचं डोकं फिरलं. तो पेढे घेऊन मागं वळणार, तेवढ्यात भारत चहा घेऊन बाहेर आला. त्यानं कप ठेवले आणि सरळ आवाजात सांगितलं, "मी आन् साक्षी जालन्याला जाऊन नोंदणीनं लगीन करतोय. तीन साक्षीदार लागतात, शाळेतले तिघं तयार हायेत. तुमचं दोघांचं पक्षाचं निवांत चालू द्या."

दोन्ही बाप एकदम खाली बसले.

"आन् जेवणावळ?" धर्मराज.

"आन् वरात?" पुंजाराम.

चहा संपेपर्यंत दोघं भाऊसाहेबांना शिव्या घालत होते, आणि शिव्या संपेपर्यंत सोयरीक पक्की झाली होती. दोघांनी जांबच्या रामाची शपथ घेतली. पत्रिकेवर एकाही पुढाऱ्याचं नाव घालायचं नाही, मांडवात सत्कार करायचा नाही, आणि मुख्य म्हणजे कुणासाठी मुहूर्त थांबवायचा नाही. आपल्याकडं नवरानवरी दोन दोन तास ताटकळतात आणि पुढारी आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, ते इथं चालणार नव्हतं.

लग्नाचा दिवस उजाडला. अंबडच्या मंगल कार्यालयात बारा पस्तीसला अंतरपाट धरला. दुसरं मंगलाष्टक चालू असताना बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले आणि बातमी आत आली. भाऊसाहेब आले होते, बिनबोलावता. सकाळीच ते परत बंबात गेले होते.

"परत?" पुंजारामची कानशिलं तापली. "आन् माझं गेट?"

"आता ह्यो माझ्या उरावर बसणार," धर्मराजनं दात खाल्ले.

"चला व्याही. आज दारातच विचारतो त्याला. लई झालं."

मुठीत अक्षता तशाच धरून दोघं तरातरा बाहेर गेले. गाडी थांबली. पुंजारामनं तोंड उघडलं आणि त्याच्या हातानं गाडीचं दार उघडलं. सत्तावीस वर्षांची सवय ती, हात त्याला विचारायला थांबला नाही. तोवर धर्मराजनं स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून भाऊसाहेबांच्या डोक्यावर ठेवला होता.

भाऊसाहेबांनी धर्मराजच्या खांद्यावर हात टाकला. "पुंजाराम, पोरीचं लग्न झक्कास केलंस बघ." मग खऱ्या पुंजारामकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, जरा पाणी पाठवा."

धर्मराज भाऊसाहेबांच्या डोक्यावरचा फेटा नीट करू लागला. पुंजाराम पाणी आणायला गेला.

आत पहिली पंगत बसली होती. गिरिजाबाई वाढत होती.

"लगीन?" पुंजारामनं विचारलं.

"लागलं की कव्हाच. मुहूर्त कुणासाठी थांबवायचा न्हाई, तुमीच शपथ घेतल्ती."

गळ्यात नवं मंगळसूत्र घातलेली साक्षी पाया पडायला आली. बापाच्या एका मुठीत तिच्या अक्षता होत्या, दुसऱ्या हातात तांब्या.

"अप्पा, सगळं सोडून त्याला बोलायला गेल्ते ना? काय बोललात?"

पुंजारामनं तांब्याकडं बघितलं.

"थंडगार पाणी पायजे असंल त्याला," तो म्हणाला. "मी साधंच देणार."