घराला शोभेल असा कुत्रा

घरात कुत्रा आणायचा, हे तत्त्वतः मंजूर झालं आणि तिथूनच अडचणींना सुरुवात झाली. घरचे यजमान विमा कंपनीत निरीक्षक. स्वतः पाहणी केल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशावरही सही केली नव्हती. लग्न तेवढं अपवाद, असं बायको म्हणायची. त्यामुळे त्यांनी रीतसर श्वान निवड समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सदस्य बायको आणि मुलगी. आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. पण ते तसेही तिथेच असतात, म्हणून त्यांना वेगळं निमंत्रण गेलं नाही.

पहिल्याच बैठकीत मतभेद झाले. बायकोला केस न गळणारा कुत्रा हवा होता, मुलीला फोटोत उठून दिसणारा आणि परीक्षेच्या दिवसांत गप्प बसणारा. निरीक्षकांना भुंकणारा हवा होता, पण चोरावर. साहेब घरी आले तर त्याने शेपूट हलवावी. शेजाऱ्यांकडे ना-हरकत मागितली, तेव्हा त्यांची काहीच हरकत नव्हती. कुत्र्याने फक्त लिफ्ट आणि जिना वापरू नये, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. मग तिसऱ्या मजल्यावरून तो उतरणार कसा, हा प्रश्न उपसमितीकडे गेला. उपसमिती म्हणजे बायको. तिने तोडगा काढला, की खाली उतरायचा हट्टच न करणारा कुत्रा बघावा.

शेवटी पशुवैद्य बाईंना घरी बोलावलं. निरीक्षकांनी अपेक्षा सविस्तर मांडल्या. दिवसभर घरात एकटा राहील, बेल वाजली की दाराकडे बघेल, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाईल, उरलंसुरलं मुकाट्याने खाईल आणि आपण सहलीला गेलो की घर राखील, असा हवा. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांची नजर खोलीभर फिरली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर थांबली.

"असं एक तुमच्याकडे आहे की," त्या म्हणाल्या.

"केसांचाही प्रश्न नाही," आजोबा म्हणाले. "ते कधीच गळून झालेत."

निरीक्षकांचे कान तापले. वडिलांशी आपण शेवटचं काय बोललो, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. 'औषध घेतलंत का' याच्या पलीकडे काही हाती लागेना. सभा तहकूब झाली.

पुढच्याच रविवारी सगळ्या अटी शिथिल करून ते एक कुत्रा घेऊन आले. तो भुंकतो, केस गाळतो आणि सोफ्यावर ऐसपैस झोपतो. आजोबांना सोबत म्हणून आणलाय, असं निरीक्षक सगळ्यांना सांगतात. त्याला दोन वेळा फिरवायला घरात कोणालाच सवड नसल्याने ते कामही, सोबतीचाच भाग म्हणून, आजोबांकडे सोपवलं आहे. निरीक्षकांना आता पाप फिटल्यासारखं हलकं वाटतं.

आजोबाही खूश आहेत. रस्त्यात लोक थांबतात, वाकतात, लाडाने चौकशी करतात. वय काय, नीट जेवतो का, रात्री झोप लागते का. आजोबा प्रत्येक प्रश्नाचं मन लावून उत्तर देतात. अधूनमधून ते उत्तर स्वतःबद्दलचंच असतं. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

कुत्र्याचं नाव काय ठेवलं, हे तुम्हीही विचारणारच होतात. विचारा की. आजोबा सांगतील.