नवी सडक माहेरी जाते

आमच्या बोरमाळची नवी सडक पहिल्या आखाडात माहेरी गेली, तेव्हा तिच्यावर माझी गाडी उभी होती.

सडकेच्या जाण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पहिल्या आखाडात नवी सून सासरी ठेवत नाहीत, एवढं मलाही कळतं. तक्रार गाडीची होती. चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर मी ती घेतली होती. आम्हाला मूलबाळ नाही. माझी बायको शालन एकदा म्हणाली, घरात कुणीतरी असं हवं, की ज्याला रोज अंघोळ घालता येईल. मांजराला अंघोळ आवडत नाही, म्हणून गाडी घेतली. पिवळी घेतली, कारण शालनला पिवळा रंग आवडतो. चालवणं फारसं होत नसे. बोरमाळात गाडी चालवायची म्हणजे पुढच्या गाडीच्या मागे उभं राहायचं, आणि उभं राहायला घरासमोरची जागा काही वाईट नव्हती.

पूर्वी बोरमाळच्या चौकात एका वेळी दोन मोटारी आल्या तर दुकानदार बाहेर येऊन बघत. मग कारखाने आले. कारखान्यांच्या मागोमाग उंच इमारती आल्या आणि प्रत्येक मजल्यावरून एकेक गाडी खाली उतरली. गाड्यांना रस्ता लागतो, ही गोष्ट नगरपालिकेच्या सगळ्यात शेवटी लक्षात आली. रस्त्याला खडी लागते, म्हणून डोंगराकडच्या खडकवण गावची टेकडी फोडली आणि त्या खडीची नवी सडक झाली. तेव्हा खडकवण हे तिचं माहेर, यात वाद नाही.

ती सून कशी झाली तेही सांगतो. उद्घाटनाला फीत होती, पण कात्री सापडेना. नगराध्यक्षाबाईंना तिथून पुढे एका लग्नाला जायचं होतं, त्यामुळे खण, नारळ आणि तांदूळ त्यांच्याजवळ तयार होते. खोळंबा नको म्हणून त्यांनी फीत तशीच राहू दिली आणि सडकेची ओटी भरली, हळदकुंकू लावलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओटी भरून घरात घेतली ती सून, याचा विचार त्या घाईत कोणी केला नाही.

आणि सुनेला आम्ही सुनेसारखंच वागवलं. आधी पाण्याच्या नळासाठी खणली. मग तारांसाठी खणली. मग पाण्याचा नळ कुठे घातला ते कोणाला आठवेना, म्हणून तो शोधायला खणली. प्रत्येक जखमेत मूठभर मुरूम टाकला आणि वर पुन्हा गाड्या सोडल्या. गणपतीच्या मांडवासाठी खड्डे पडले, जत्रेच्या पाळण्यासाठी पडले. ती कधी अवाक्षर बोलली नाही. आमच्याकडे अशा सुनेला गुणी म्हणतात.

आखाड लागला आणि खडकवणहून मुराळी आला. लेकीला सासरहून न्यायला माहेरचं माणूस येतं तो मुराळी. याचं नाव बाळनाथ ठोंबरे. डोक्याला पटका, हातात दशम्यांची शिदोरी. तो थेट नगरपालिकेत गेला आणि नगर अभियंता बेंद्रे यांच्यासमोर बसला. मी त्या वेळी तिथेच होतो, कारण माझ्या दारासमोरचा खड्डा नळवाल्यांचा की तारवाल्यांचा, हे विचारायला मी दर सोमवारी जात असे.

बेंद्रे साहेब अतिशय सभ्य माणूस. त्यांनी बाळनाथला चहा दिला आणि सडक रजेवर सोडण्याची नियमात तरतूद नाही, असं शांतपणे सांगितलं. वाहतुकीचा प्रश्न आहे, शाळांच्या बसेस आहेत. पुढच्या वर्षी आधी कळवलंत तर विचार करता येईल.

बाळनाथने चहा बशीत ओतून पिऊन टाकला.

"सायेब, तुमच्या घरात सून हाय का?" त्याने विचारलं.

"आहे."

"आता कुठं हाय ती?"

 त्यांची सून आदल्याच दिवशी माहेरी गेली होती आणि तिला एसटीत बसवायला ते स्वतः गेले होते. त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि सडकेला निरोप पाठवला, की तयारी कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सडक उठली. उठताना तिने दुभाजक पदरासारखा खांद्यावरून घेतला. त्यातली कण्हेरीची झाडं फुललेली होती, ती तिला शोभून दिसली. कडेला गाड्या लावलेल्यांनी धावत जाऊन आपापल्या गाड्या उतरवून घेतल्या. मी किल्ली शोधत राहिलो. किल्ली शालनच्या पर्समध्ये होती आणि पर्स घेऊन शालन भाजीला गेली होती. मी तसाच धावलो आणि बाळनाथला म्हणालो, एवढी एक पिवळी गाडी राहिली आहे.

तो म्हणाला, "राहू द्या गुरुजी. अंगावर एखादा दागिना असावा. मोकळ्या गळ्यानं माहेरी गेली तर लोक काय म्हणतील?"

 सडक बाळनाथच्या मागून वळणावळणाने निघून गेली. तिला जाताना पाहून बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि मी गाडीकडे बघून रुमाल लावला.

महिनाभर आम्ही चिखलातून चाललो. गाड्या इमारतींच्या तळाशी उभ्या होत्या आणि लोक रविवारी त्यांत जाऊन बसत. वाहतूक पोलीस सवयीने चौकात येत, शिट्टी वाजवत आणि एकमेकांना थांबवत. बाकी काही बिघडलं नाही. कामाला पोचायला पूर्वी जेवढा वेळ लागत होता तेवढाच पायी लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं. पण ते मोठ्याने कोणी बोललं नाही, कारण गाड्या घेऊन झाल्या होत्या.

श्रावण लागला तरी सडक परतली नाही. शेवटी बेंद्रे साहेब तिला आणायला निघाले. मी म्हटलं, मीही येतो. शालनने माझ्याबरोबर गाडी पुसायचं फडकं दिलं.

एसटीने फाट्यावर उतरून आम्ही चालत गेलो. टेकडी फोडली त्या जागी खडकवणात मोठा खळगा पडला होता, असं बेंद्रे साहेब वाटेत सांगत होते. खळगा दिसलाच नाही. सडक माहेरी येऊन पूर्वीच्या जागी बसली होती आणि बसली की ती पूर्वीसारखीच टेकडी दिसत होती. अंगावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर शेळ्या चरत होत्या. अगदी माथ्यावर माझी गाडी होती. टपावर दोन कोंबड्या बसल्या होत्या. गाडी बरी दिसली, जरा अंगाने भरल्यासारखी वाटली.

गावच्या सरपंच गजराबाई आम्हाला सामोऱ्या आल्या. पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला आणि मग आम्हाला टेकडीभोवती फिरवून एकेक खड्डा दाखवला. हा कशाचा, हा कशाचा, असं त्या विचारत होत्या आणि बेंद्रे साहेब खाली मान घालून नळ, तार, मांडव असं सांगत होते. एका खड्ड्यापाशी ते थांबले. हा कशाचा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि सडकेची जास्त आली.

"पोरीला अशी ठेवत्यात का कुणी?" गजराबाई म्हणाल्या. "तोंडानं बोलत न्हाई म्हणून काय झालं?"

बेंद्रे साहेबांनी नगरपालिकेच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. पुढे कोणतंही खोदकाम सडकेला विचारल्याशिवाय होणार नाही, असं तोंडी आश्वासन दिलं. मग म्हणाले, आता सुनेला पाठवा.

"पाठवायची कशी?" गजराबाई म्हणाल्या. "तिला तिसरा म्हैना हाय. पहिलं बाळंतपण माहेरातच होतं."

बेंद्रे साहेबांनी पिशवीतून शहराचा विकास आराखडा काढला आणि दगडावर पसरून बराच वेळ पाहिला. मग चष्मा पुसला. नव्या सडकेच्या कडेने एक बारीक सर्व्हिस रोड तुटक रेषेने दाखवलेला होता आणि त्याच्यापुढे 'प्रस्तावित' असं लिहिलं होतं. तो कसा होणार, हे आराखड्यात कुठेच नव्हतं. आता उलगडा झाला. त्यांनी गजराबाईंच्या हातावर साखर ठेवली.

या आनंदात मी हळूच गाडीचा विषय काढला. गजराबाईंनी मला वर नेलं. म्हणाल्या, तिला डोहाळे लागलेत ते हॉर्नचे. दिवसातून एकदा हॉर्न ऐकला नाही तर तिला अन्न गोड लागत नाही. इथे गावात दुसरी गाडी नाही, म्हणून बाळनाथ रोज काच खाली करून हात घालतो आणि वाजवतो. मी म्हटलं, काच वर होती. त्या म्हणाल्या, आता नाही.

गरोदर बाईच्या तोंडचा घास काढून घेणारा माणूस मी नव्हे. गाडी ठेवून आलो.

त्यानंतर आम्ही दोघं दर रविवारी खडकवणला जाऊ लागलो. मी हॉर्न वाजवायचा आणि शालनने फडकं मारायचं. परत येताना ती एसटीत एरवी कधी बोलली नाही एवढं बोले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, तेव्हा सासरकडून ओटी भरायला नगराध्यक्षाबाई येणार होत्या, पण त्यांना वेळ मिळाला नाही. शालनने भरली. त्या दिवशी ती गाडीच्या बाजूला उभी राहून रडली आणि मला म्हणाली, आपल्या घरात हे कधी झालंच नाही हो. मी तिला फडकं दिलं. दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

मुलगा झाला. रंग डांबरी, वजन चाळीस ब्रास खडीचं. गजराबाईंनीच सुईण होऊन सोडवलं. सव्वा महिना झाल्यावर बाळनाथ मायलेकरांना घेऊन आला आणि सडक आपल्या जागी निजली. कडेला, बरोबर आमच्या दारासमोर, सर्व्हिस रोड निजला. त्याच्या कुशीत माझी गाडी होती.

बारशाला वाद झाला. एका नगरसेवकांना त्याला आपल्या वडिलांचं नाव द्यायचं होतं. बेंद्रे साहेबांनी निर्णय दिला, की नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि दर रविवारी जी भेटायला जात होती ती आत्या. शालनने वाकून डांबराला तोंड लावलं आणि नाव सांगितलं. आता तिथे 'चि. मकरंद मार्ग' अशी पाटी आहे.

बारसं आटोपल्यावर मी किल्ली घेऊन गाडीपाशी गेलो. आता माझा हक्क होता. तो बजावायला किती महिने थांबलो होतो, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं आणि सगळी आळी गॅलरीत उभी होती. दार उघडलं, बसलो, गाडी सुरू केली. गाडी हलेना. खाली उतरून पाहिलं, तर मकरंदने पुढचं चाक मुठीत घट्ट धरलं होतं. मी हळूच सोडवायला गेलो. तो हुंदके देऊ लागला, तशी दोन-तीन गटारांची झाकणं वाजली.

बेंद्रे साहेब जवळच होते. ते म्हणाले, "पारखी सर, तुम्ही लेखी दिलंत तर सोडवून घेता येईल. मात्र बळाचा वापर करावा लागेल."

मी वर बघितलं. गॅलरीत शालन होती. ती मान हलवत नव्हती, हात हलवत नव्हती, नुसती बघत होती.

"राहू दे," मी म्हटलं. "दिवे लागलेले त्याला आवडतात."

मी लुकलुकणारे दिवे लावून ठेवले. तो लगेच झोपला. तेव्हापासून मी बसने फिरतो आणि आठवड्यातून एकदा गाडीची बॅटरी काढून चार्ज करून आणतो. बॅटरी नसते तेवढा वेळ शालन गाडीत बसून त्याला अंगाई म्हणते. सडक मोठी झोपाळू झाली आहे. पहिलं बाळंतपण झालं की होतं तसं. तिच्यावरून जाताना लोक आता गाड्या हळू चालवतात. खणायला आलेल्या तारवाल्यांना आळीतल्या बायकांनी दोनदा परत पाठवलं.

गेल्या गुरुवारी सकाळी मकरंद पहिल्यांदा पालथा पडला. गाडी त्याच्या अंगाखाली गेली. बेंद्रे साहेब ताबडतोब पाहणीला आले. त्यांनी चारी बाजूंनी वाकून बघितलं आणि बाळाला कुठेही खरचटलेलं नाही, असा निर्वाळा दिला. शालनने करंज्या केल्या आणि आम्ही त्या आळीत घरोघरी दिल्या. इतर रस्त्यांच्या मानाने तो बराच लवकर पालथा पडला, असं तिचं म्हणणं आहे. मलाही तसंच वाटतं.