चौकसराव चार्ज कंट्रोलर निवडतात

"माझ्या गाडीत चार्ज कंट्रोलर बसेल तो पारखूनच बसेल! दुकानदाराने गळ्यात मारला आणि आपण घेऊन आलो, असला कारभार आपल्याकडे नाही!" चौकसरावांनी जाहीर करून टाकलं.

नाव त्यांचं वेगळंच, पण अख्खी गल्ली त्यांना चौकसरावच म्हणायची. धंदा चष्म्यांचा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, एक भिंग लावायचं, ते काढून दुसरं लावायचं आणि विचारायचं, "हे बरं की ते?" ही सवय अंगात अशी मुरली होती की घरात साधी उशी घ्यायची झाली तरी आठवडाभर दोन उशा आलटून पालटून डोक्याखाली जायच्या.

यंदा त्यांनी जुनी मालवाहू व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर केलं होतं. आत पलंग, छोटा ओटा, बॅटरीवर चालणारा फ्रिज आणि टपावर सोलर पॅनेल. राहिला होता फक्त कंट्रोलर. म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्या मधलं खोकं. पॅनेल काय, ऊन पडलं की वीज ओतत सुटतं. पण बॅटरीला झेपेल तेवढीच आणि पचेल तशीच ती भरवायची, हे काम या खोक्याचं.

आणि हे काम आता फार महत्त्वाचं झालं होतं. चौकसरावांची बायको केक करायची. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, तळ्याकाठी, मोकळ्या माळावर. तिथे वीज नाही. जनरेटर यायचा तो संध्याकाळी, बँडवाल्यांबरोबर. तोवर तीन मजली केक गाडीतल्या फ्रिजमध्ये राहणार होता.

"अहो, जन्मात पहिल्यांदा तिने माझ्याकडे काहीतरी मागितलंय," बायको म्हणाली. "केक वितळला ना, तर मी तिला तोंड दाखवू शकणार नाही."

"वितळतोय कसला! मी आहे ना!"

तेच तर भय होतं!

दुकानदाराने दोन कंट्रोलर पुढे ठेवले. "हा साधा, पीडब्ल्यूएम. पॅनेलने जास्त व्होल्टेज दिलं तर जास्तीचं वाया घालवतो. हा एमपीपीटी. जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून बॅटरीला देतो. महाग आहे, पण हाच घ्या."

"ढग आले तर? पॅनेल तापलं तर? सकाळी बरा कोणता, दुपारी कोणता?" चौकसरावांची सरबत्ती सुरू झाली. त्या गडबडीत दुकानदार एक वाक्य तीनदा बोलला, "आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल!" पण पुढचा प्रश्न तयार असलेल्या माणसाला मागचं उत्तर कशाला ऐकू येतंय? शेवटी दुकानदाराने हात जोडले आणि दोन्ही खोकी दिली. "घरी लावून बघा. आवडेल तो ठेवा. पण आता निघा!"

निघायच्या आदल्या दुपारी परीक्षा सुरू झाली. भरलेली बॅटरी पाहून चौकसराव हिरमुसले. जेवलेल्या माणसाला वाढून स्वयंपाकाची परीक्षा होते होय? त्यांनी गाडीतले दिवे, पंखे, पंप, सगळं चालू करून बॅटरी पार रिकामी केली. मग साधा कंट्रोलर लावला. आकडा लिहिला. आता दुसरा! त्यांनी पॅनेलची वायर तशीच ठेवून बॅटरीची सोडवली. खोक्यातून चर्र आवाज आला आणि जळका वास सुटला.

"काय हो जळलं?" बायको आतून ओरडली.

"काही नाही! कळेलच आता!"

शहाण्या माणसाने इथे थांबायचं असतं. पण चौकसरावांच्या डोळ्यांत चमक आली. बॅटरी आधी काढली म्हणून जळला, की मुळातच खराब होता? एका अनुभवावरून निष्कर्ष काढायचा नसतो! त्यांनी महागडा कंट्रोलर लावला आणि पुन्हा अगदी तस्संच केलं.

चर्र!

"मुळात खराब नव्हता!" चौकसराव आनंदाने ओरडले. मग त्यांना केक आठवला आणि ते मटकन पायरीवर बसले. दुकान बंद होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायको, सासूबाई आणि केक यांना घेऊन गाडी निघाली. वाटेत इंजिनावर फ्रिज झकास चालला. तळ्याकाठी पोचून चौकसरावांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि रिकाम्या बॅटरीवरचा फ्रिज किंचाळला. दिवा लाल!

"अहो!" बायकोचा चेहरा केकहून पांढरा झाला.

चौकसरावांनी घाईघाईने इंजिन सुरू केलं. दिवा हिरवा! त्यांनी क्षणभर विचार केला. प्रवासात फ्रिज चालतो ना? मग प्रवास संपवायचाच नाही!

आणि त्यांनी तळ्याला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. बायको फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसली. सासूबाई तिच्या शेजारी, पलंगाची कड घट्ट धरून. वऱ्हाडाला वाटलं, तळं दाखवायची सोय केलीय! कोणी हात केला की गाडी हळू करावी लागे आणि दोघं-तिघं आत चढत. नवरदेवाचे काका म्हणाले, "केक बघू की जरा!"

"दाराला हात लावाल तर खबरदार!" बायको कडाडली.

काका पुढच्या वळणावर उतरून गेले. तळ्याभोवतीचं गवत झोपलं, बदकं कंटाळून निघून गेली, तेव्हा कुठे जनरेटर आला. केक बाहेर निघाला. तिन्ही मजले ताठ, एक फूलसुद्धा ढळलेलं नाही! धाकटीने बहिणीला मिठी मारली आणि दोघी मनसोक्त रडल्या. चौकसरावांचाही ऊर भरून आला. जिंकलो बुवा!

सासूबाई शेवटी उतरल्या. जमीन अजून गरगरत होती, म्हणून त्यांनी जावयाचा खांदा धरला.

"जावईबापू, विचारू की नको, असं झालंय."

"विचारा की! प्रश्न विचारलेले मला फार आवडतात."

"गाडी एका जागी उभी करून नुसतं इंजिन सुरू ठेवलं असतं, तर फ्रिज नसता का चालला?"

चौकसरावांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा झोपलेल्या गवताकडे.

"अहो आई, मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुमचा काहीतरी प्रयोग चाललाय," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, मध्ये बोलले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू कराल!"